पडद्याची खूण

दिगंबर : ...आणि ते बँकेचे मॅनेजर काय म्हणाले, ऐकायचंय? म्हणाले, "गेल्या वर्षी बायकोला तिचा रुमाल पुरला नव्हता, माझाही दिला होता. यंदा दोन्ही रुमाल कोरडेच घरी नेतोय."

भालचंद्र : झालं तुझं? की अजून आहेत कोणी?

दिगंबर : पुष्कळ आहेत. खरगपूरची मंडळी शेवटची गाडी सोडून बसली होती रे! गेल्या वर्षी नाटकाच्या शेवटी दारावर थाप पडली आणि पडदा पडला. तेव्हापासून त्यांच्याकडे चहाला एकच विषय. दारात कोण होतं? हरवलेला नवरा, की पोलीस, की तारवाला? वर्षभर थांबले बिचारे. दुसरा भाग बघायला एवढ्या लांबून आले. आणि काल कळलं काय, तर कोणी नाही! ...हे दार धर जरा. बिजागरी गंजलीय.

भालचंद्र : राहू दे ते दार. नंतर काढू.

दिगंबर : नंतर कधी? संध्याकाळी याच स्टेजवर बायकांचं हळदीकुंकू आहे. सेट उतरवायलाच हवा. आणि तू असा पडद्याच्या गुंडाळीवर काय बसलायस? डोळे बघ तुझे. रात्री झोपलास कुठे?

भालचंद्र : इथेच.

दिगंबर : इथे? भवानीपूरला स्वतःचं घर असताना?

भालचंद्र : घरी गेलो होतो. दाराला आतून कडी होती.

दिगंबर : तुमच्या दाराला कडी? काय सांगतोस मोशाय! तुझा भाऊ नाहीसा झाल्यापासून तुमच्या दाराला कडी लागलेली मी पाहिली नाही. चोर येऊन तुझ्या अण्णांची सायकल घेऊन गेला तरी तुझी आई कडी लावू देत नाही. रात्रीबेरात्री मनोहर आला, दार बंद बघून परत फिरला तर, म्हणून.

भालचंद्र : तेच सांगतोय. काल होती. मी थाप मारली, थोड्या वेळाने पुन्हा मारली. आत कोणीतरी काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. पण दार नाही उघडलं. वहिनींनीच लावली असणार कडी. माझं नाटक बुडवलं तेवढं पुरलं नाही, मलाही बाहेर ठेवलं.

दिगंबर : शारदावहिनी? छे. त्या असं नाही करायच्या.

भालचंद्र : काल स्टेजवर त्यांनी जे केलं, तेही त्या करणार नाहीत असंच तू परवापर्यंत म्हणत होतास. मी प्रॉम्प्टरच्या जागेवरून घसा फुटेस्तोवर सांगतोय, "आले, आले, कोण ते? आले, आले, कोण ते?" तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं म्हणे. आणि बाई कडीला हात लावून उभ्या! मग वळल्या, पुढे आल्या, "कोणी नाही" म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या. नाटकात ते वाक्य नाही, ती खुर्चीवर बसत नाही, तिने दार उघडायचं असतं. बारा वर्षांनी नवरा दारात आहे तिच्या!

दिगंबर : मला सांगतोस? नवरा मीच होतो की. दाराच्या मागे दाढी लावून, हातात बोचकं घेऊन. उकाड्याने डिंक पातळ होऊन गळ्यात उतरला. मला वाटलं, आता उघडतील, आता उघडतील. पुढचा सगळा प्रवेश राहिला. भेटीचा. माझं भाषण केवढं पाठ केलं होतं मी, बायकोने स्वयंपाक करता करता पाठ घेतलं होतं.

भालचंद्र : तू हसतोयस.

दिगंबर : मग काय करू, रडू? भाल्या, एक सांगतो, रागावू नकोस. वहिनींनी दार उघडलं असतं ना, तरी नाटक पडलंच असतं.

भालचंद्र : का?

दिगंबर : का काय का! नवऱ्याच्या डोक्यावर झाडाची फांदी पडते, तो सगळं विसरतो, आसामात चहाच्या मळ्यावर मुकादम होतो, आणि बारा वर्षांनी साहेबाच्या बंगल्यात शंख वाजलेला ऐकून त्याला घर आठवतं? अरे, दुसऱ्या अंकात चहाचा मळा दाखवायला आपण कुळकर्णीकाकूंच्या तुळशीच्या आणि सदाफुलीच्या कुंड्या मांडल्या होत्या. काकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "अगंबाई, माझी सदाफुली!" तिथेच हसू फुटलं. ते मग थांबलं नाही.

भालचंद्र : गेल्या वर्षी याच लोकांनी डोक्यावर घेतलं होतं मला.

दिगंबर : गेल्या वर्षी तू काही घातलं नव्हतंस त्यात. हावडा स्टेशन. माहेरून आलेली बाई ट्रंकेवर बसलीय. नवरा न्यायला येणार आहे. शहरात दंगल पेटलीय. तो येत नाही. ती एकटीच घरी येते आणि दाराकडे बघत बसते. इथल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक होतं की हे तुमच्या बेहेऱ्यांच्या घरातलं आहे. सुचित्रा नाव दिलंस म्हणून काय झालं? आणि सुचित्रा झालेली बाई खुद्द शारदावहिनी. तिथे तुला लिहायचं होतं तरी काय?

भालचंद्र : म्हणजे मी नुसता उतरवून घेणारा. कारकून.

दिगंबर : मी असं... अरे, बघ कोण आलंय. या वहिनी, या. सांभाळून, खिळे पडलेत.

शारदा : भावोजी इथे आहेत ना? हुश्श. मला वाटलं, कुठे शोधायचं आता. पोहे आणलेत. रात्रीही जेवला नाहीत तुम्ही.

भालचंद्र : भूक नाही.

शारदा : बरं. डबा इथे ठेवते. दिगंबरभावोजी, तुम्ही तरी घ्या.

दिगंबर : मी कशाला नाही म्हणू! कोथिंबीर कुठे मिळाली हो तुम्हाला एवढी हिरवी?

शारदा : आणि तो कोट हवा होता. यांचा कोट. काल तुम्ही घातला होता तो.

दिगंबर : आत खुंटीला टांगलाय. डिंकाचा डाग पडलाय कॉलरला, घासून पाहिला, जात नाही. माईंना सांगा, मी धुऊन देतो.

शारदा : डाग असू दे. त्यांनी तसाच मागितलाय.

भालचंद्र : एवढी घाई कोटाची? माईने स्वतः ट्रंकेतून काढून दिला होता तो. दादाचा कोट. म्हणाली, "तो येणार असेल तर हाच घालून येऊ दे." तिची केवढी हौस होती! आणि तुम्ही तो कोट दाराच्या पलीकडेच ठेवलात.

शारदा : हो.

भालचंद्र : हो? एवढंच?

शारदा : इथे नको बोलायला, भावोजी. घरी चला.

भालचंद्र : घरी? घरी दाराला कडी असते आजकाल. इथेच बोला. दिगंबर काही परका नाही. वहिनी, मला फक्त एक सांगा. तुम्ही पाठांतर विसरलात का? तसं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. होतं कोणाचंही.

शारदा : विसरले नव्हते.

भालचंद्र : मग माझ्यावर कसला सूड होता हा?

दिगंबर : भाल्या, आवाज खाली.

शारदा : सूड? तुमच्यावर? तुम्ही चौदा वर्षांचे होतात मी या घरात आले तेव्हा. तुमच्या मुंजीतलं सोवळं अजून खुंटीवर होतं.

भालचंद्र : मग का?

शारदा : ती थाप खोटी होती म्हणून.

भालचंद्र : नाटकातलं सगळंच खोटं असतं वहिनी!

शारदा : यंदाची नव्हे. गेल्या वर्षीची.

भालचंद्र : ...कोणी सांगितलं तुम्हाला?

दिगंबर : मी. अरे, मला काय माहीत! रंगीत तालमीच्या दिवशी चहा पीत बसलो होतो, मजा म्हणून सांगितलं. मला वाटलं, वहिनींना माहीतच असणार. अख्ख्या मंडळाला नाही तरी स्टेजवरच्यांना...

शारदा : मला नव्हतं माहीत.

दिगंबर : वहिनी, मजाच होती हो ती. पडदा ओढायला जयप्रकाश पलीकडच्या विंगेत. अंक संपला की मी शिट्टी वाजवायची, त्याने दोर सोडायचा. आणि ऐन शेवटी माझी शिट्टी सापडेना. वहिनी दिवा बारीक करून बसलेल्या, नाटक संपलेलं, आणि पडदा तसाच. मग मी काय केलं, त्याला खूण म्हणून दाराच्या चौकटीवर मागून ठोकलं. टक, टक, टक. जयप्रकाशला आधी कळलंच नाही. तेवढ्यात वहिनींनी दचकून दाराकडे पाहिलं. उठल्या. एक पाऊल टाकलं. आणि तेव्हा त्या गाढवाने दोर सोडला. लोक वेडे झाले! म्हणाले, वा, काय शेवट आहे! पहिल्या भागातला सगळ्यांत भारी संवाद माझ्या बोटांनी लिहिलेला आहे, एवढंच मी गमतीने म्हणालो.

शारदा : ती गंमत नव्हती, असं मी कुठे म्हणतेय?

दिगंबर : तुमचा चेहरा उतरला होता तेव्हाच मला कळायला हवं होतं. चुकलंच माझं. ...मी जरा हातगाडीवाला बघून येतो. दार आणि फळ्या न्यायच्यात गोदामात. भाल्या, पोहे खा. आणि ओरडू नकोस, शेजारच्या खोलीत आरतीची पोरं बसलीत.

(दिगंबर जातो. नाटकातलं दार भिंतीला टेकून उभं आहे.)

भालचंद्र : बरं. थाप चुकून पडली. म्हणून काय झालं? लोकांना ती आवडली. त्यांनी विचारलं, दारात कोण? लोक विचारतात म्हणून मी पुढचं लिहिलं. यात मी कोणाचं काय बिघडवलं?

शारदा : लोकांचं काही नाही. लोकांनी घरी जाऊन पिठलंभात खाल्ला असेल. पण माईंनीही विचारलं होतं तुम्हाला.

भालचंद्र : माई तर रोज विचारायची.

शारदा : आणि तुम्ही काय सांगायचात?

भालचंद्र : काय सांगणार? हसून म्हणायचो, "माई, पुढच्या वर्षी कळेल."

शारदा : हेच.

भालचंद्र : हेच काय?

शारदा : भावोजी, श्रावणात बारा वर्षं पुरी झाली. माणसाचा पत्ता नसेल तर बारा वर्षं थांबतात, मग पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात. अण्णांनी गुरुजींना विचारून दिवस ठरवला होता. ऐन वेळी माईंनी मोडता घातला. का घातला, तुम्हाला माहीत आहे?

भालचंद्र : आई आहे ती. तिचा धीर होत नसेल.

शारदा : मलाही तसंच वाटलं होतं. तालमीहून आले त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, माई, अण्णा म्हणतात ते करून टाकू या का? तर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. हळूच म्हणाल्या, "थोडं थांब गं. भालूला काहीतरी कळलंय. त्याला सरळ सांगता येत नाही, बापाला झेपणार नाही म्हणून. नाटकातून सांगतोय तो. गेल्या वर्षी थाप झाली. यंदा दार उघडलं की कळेल."

भालचंद्र : ...माई असं म्हणाली?

शारदा : अस्संच.

भालचंद्र : नाटक आहे ते! तिला कळत नाही? वर्षानुवर्षं मंडळाची नाटकं बघतेय ती.

शारदा : सगळं कळतं त्यांना. पण नाटकातलं स्टेशन खरं होतं. ट्रंक खरी होती, माझीच होती. गाडी खरी, दंगल खरी, मी खरी. एवढं सगळं खरं, मग शेवटची थापच तेवढी खोटी कशी असेल? आणि लिहिणारा कोण, तर धाकटा मुलगा. भावोजी, मलाही क्षणभर वाटलंच होतं. गेल्या वर्षी स्टेजवर. टक, टक, टक झालं. मी अभिनय करून उठले नव्हते. मी उठलेच होते.

भालचंद्र : हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? तालमीनंतर चार दिवस होते. मी शेवट बदलला असता.

शारदा : सांगायला आले होते. तुम्ही जयप्रकाशना शंख कधी वाजवायचा ते शिकवत होतात. म्हणालात, "वहिनी, आता एकही शब्द बदलायचा नाही हं, सगळं जमून आलंय." तुमचा चेहरा बघितला आणि परत फिरले. म्हटलं, जाऊ दे. नाटकात नवरा येईल, घरी येऊन मी माईंना समजावीन. दार उघडायचं असंच ठरवून मी काल स्टेजवर गेले होते.

भालचंद्र : मग?

शारदा : काल सकाळी माईंनी बडाबाजारातून बाजरीचं पीठ मागवलं. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात बाजरी? त्यांनी स्वतः भाकरी थापली. एकच.

भालचंद्र : असेल. तिला अधूनमधून लहर येते.

शारदा : ऐका. तिसऱ्या अंकाआधी मी पडद्याच्या फटीतून बघितलं. माई पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पायऱ्यांच्या अगदी जवळ. मांडीवर पिशवी. पिशवीतून त्यांनी पाण्याचा तांब्या काढला आणि खुर्चीखाली ठेवला. मग रुमाल सोडला. त्यात भाकरीचा तुकडा होता.

भालचंद्र : भाकरतुकडा?

शारदा : लांबून घरी आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला. उंबरठ्यात. त्या तयारीने बसल्या होत्या, भावोजी. नऊवारी नवी नेसून. मी दार उघडलं असतं, यांचा कोट घालून दिगंबरभावोजी आत आले असते, आणि माई पायऱ्या चढून वर आल्या असत्या. तांब्या घेऊन. साऱ्या मंडळादेखत. दिगंबरभावोजींच्या दाढीवरून त्यांनी भाकरतुकडा ओवाळला असता, मग जवळ जाऊन चेहरा बघितला असता. लोक सदाफुलीला हसले ना? मग माईंनाही हसले असते.

भालचंद्र : पुरे.

शारदा : कडीवर हात होता माझा. तुमचं ऐकू येत होतं, "आले, आले, कोण ते?" फटीतून कोटाची बाही दिसत होती. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मला कळत होतं, मी तुमचं नाटक बुडवतेय. तुम्ही रात्र रात्र जागून लिहिलंय, कळत होतं. पण हात हलेना. मग मनात आलं, ती थाप पडली तेव्हा खरोखर दारात कोण होतं? कोणी नव्हतं. मग तेच म्हटलं. माईंकडे बघून म्हटलं.

भालचंद्र : मला वाटलं, प्रेक्षकांकडे बघत होतात.

शारदा : नाही. माईंकडेच.

भालचंद्र : वहिनी, मी वाईट हेतूने नव्हतं हो केलं हे. मला वाहवा हवी होती, नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी ट्रॅममध्ये अनोळखी लोक हात मिळवायचे, मला ते पुन्हा हवं होतं. पण तेवढंच नव्हतं. मला दादा हवा होता. तो येत नाही हे मलाही कळतं. हावड्याच्या पुलाअलीकडे त्याचं काय झालं असेल, ते मी किती वेळा डोळ्यांपुढे आणलंय! मग वाटलं, कागदावर तरी आणू घरी. तिथे मला अडवणारं कोण होतं? आसाम तर आसाम. फांदी तर फांदी. मूर्खासारखं लिहिलंय, मलाही दिसतं. पण तो जिवंत राहील असं दुसरं काही मला सुचलंच नाही.

शारदा : मला ठाऊक आहे. पाठ करताना रडले होते मी. त्या फांदीला लोक हसले, मी नाही हसले.

भालचंद्र : मग तुम्हाला नको होतं का ते? क्षणभर तरी? नाटकात तरी तो दारात यावा असं?

शारदा : मी थकलेय, भावोजी. मला न्यायला म्हणून गेले ते हावड्याला. मी नागपूरहून यायची होते. त्या दिवसापासून मी पूल ओलांडला नाही. माझे वडील गेले, तार आली, मी गेले नाही. का, तर मी तिकडे असताना हे आले तर? भावाच्या लग्नाला नाही, भाच्याच्या बारशाला नाही. आता आई अंथरुणाला खिळलीय. दर पत्रात एकच लिहून घेते, एकदा दिसून जा. तिलाही मी तेच कळवत आलेय, पुढच्या वर्षी. तुम्ही माईंना सांगत होतात तसंच. मी बारा वर्षं दाराकडे तोंड करून बसलेय हो. नाटकात एक तास बसले, त्याला लोकांनी टाळ्या दिल्या. आता दुसरा भाग, मग तिसरा भाग. किती वर्षं बसवणार मला?

भालचंद्र : पण विधी झाला म्हणजे... वहिनी, तुमचं कुंकू.

शारदा : माहीत आहे. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मीच लावते ते. पुसलं की रडेन. खूप रडेन. तेही करून टाकायचंय एकदा. आणि मग आईकडे जायचंय, ती आहे तोवर.

भालचंद्र : माई ते होऊ देणार नाही.

शारदा : अण्णा सकाळीच गुरुजींकडे गेलेत. विसर्जन झालं की पितृपक्ष लागेल, त्यातला दिवस घ्यायला.

भालचंद्र : माईला न सांगता?

शारदा : माईंनीच पाठवलं. आणि मला म्हणाल्या, कोट घेऊन ये. पळसाच्या पानांचा देह करतील, त्याच्यावर घालायचाय. उघडा नको जायला म्हणाल्या.

भालचंद्र : ...तिने हे कधी ठरवलं?

शारदा : ठरवलं कधी ते नाही माहीत. काल इथून निघालो. रिक्षात माई तोंड फिरवून बसल्या. पिशवी घट्ट धरलेली. मी म्हटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. घरापाशी उतरलो, मी पुढे होऊन दार ढकललं, तर म्हणाल्या, "थांब. आत जाऊ नकोस. उंबऱ्यात उभी राहा." मी राहिले. त्यांनी तांब्या काढला, रुमाल सोडला आणि तो भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला.

भालचंद्र : तुमच्यावरून?

शारदा : माझ्यावरून. डोळ्यांना पाणी लावलं. तुकडा रस्त्यावर लांब टाकला. म्हणाल्या, "तू स्टेशनवरून एकटी आलीस तेव्हा मी तुझ्या मागे बघत राहिले. तुझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्यावरून ओवाळायचं राहून गेलं होतं." मला तिथेच रडू कोसळलं. दोन दिवस स्टेशनवर काढून आले होते मी त्या वेळी. एका रेल्वेच्या माणसाने घरापर्यंत पोचवलं होतं. आणि खरंच, दार उघडल्यावर माईंनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं होतं. मला वाटायचं, ते फक्त मलाच आठवतंय.

भालचंद्र : आणि मग तुम्ही आत गेलात. आणि कडी लावलीत. त्या नादात मी बाहेर आहे हे विसरलात. आता कळलं. मी उगीच रागावलो.

शारदा : कडी मी नाही लावली.

भालचंद्र : मग? अण्णांनी?

शारदा : अण्णा झोपले होते. माईंनी लावली. गंजून बसली होती, सरकेना. मी तेल आणू का म्हटलं, तर नको म्हणाल्या. दोन्ही हातांनी सरकवली. मग माझ्याच खोलीत, माझ्या शेजारी येऊन पडल्या.

भालचंद्र : पण मी थाप मारली तेव्हा जाग्या होतात ना तुम्ही? मला आतून आवाज आला होता.

शारदा : जाग्या होतो. दोघीही. मी उठून बसले. तेवढ्यात माईंनी अंधारात माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "कोणी नाही गं. झोप आता."